अनिताच्या घरातली तिसरी बांग

मी कोंबडा बोलतोय. आरवत नाही, बोलतोय. आमच्या आळीत हा फरक कुणी करत नाही, म्हणून आधीच सांगितलं.

जन्म टाकवे बुद्रुकचा, बयाबाईंच्या गोठ्यातला. लोणावळ्याला आलो तो एस्टीनं, पिशवीतून, मुंडकं तेवढं बाहेर. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, याचं तिकीट?" बयाबाई म्हणाल्या, "का? त्यो शीट अडवून बसलाय व्हय?"

बयाबाईंनी मला त्यांच्या ओळखीच्या अनिताला दिलं. अनिताचा नवरा शांतवन पर्यटकांची जीप चालवायचा. पावसाळ्यात घसरून त्याची मांडी मोडली, आत सळई घातली, आणि तो खाटेवर पडला. "ह्याचा रस्सा पाज, हाड लवकर जुळतंय," बयाबाई म्हणाल्या. म्हणजे मी औषध होतो. पण अनिताला माझ्या मानेवर सुरी धरवेना. ती पालेभाजी चिरायला लागली आणि मी राहिलो.

घर ख्रिस्ती. पूर्वी दोघं रोज सकाळी प्रार्थना करायचे, म्हणे. मी आलो तेव्हा बायबल कपाटावर होतं आणि त्याच्यावर गोळ्यांचा डबा. अनिता चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. रविवारी चर्चची वेळ झाली की मात्र तिला हटकून धुणं आठवायचं.

अशाच एका रविवारी दुपारी चर्चचे पाळकसाहेब घरी आले. हेल्मेट शिलाई मशीनवर ठेवून बसले. मी आधीच तिथं बसलो होतो.

"शांतवन कसा आहे?"

"सुधारतायत," अनिता म्हणाली. मी आरवलो. सहज. आमचं काही ठरलेलं नसतं.

"झोप लागते ना?"

"छान लागते." पुन्हा आरवलो.

"आणि तू कशी आहेस?"

"मी? मजेत!"

मी मान ताणून अशी बांग दिली की हेल्मेट खाली पडलं.

मग खाटेवरून शांतवन खदखदून हसला. "अनिता, तीनदा! पेत्र झाला तुझा!"

पेत्र कोण ते मला त्या दिवशी कळलं. येशूला पकडून नेल्यावर "मी त्याला ओळखत नाही" असं तीनदा म्हणणारा त्याचाच शिष्य. तेव्हाही कोंबडाच आरवला होता. आमच्यातला एक जण बायबलात आहे, हे ऐकून मी छाती फुगवली.

अनिताही हसली, आणि हसता हसता रडू लागली. "नाही हो झोपत हे. रात्रभर छताकडे बघतात. पुन्हा चालताच आलं नाही तर? मी प्रार्थनेला बसते आणि शब्दच फुटत नाही. देव ऐकतोय असं वाटतच नाही. मग कोणत्या तोंडानं चर्चला येऊ?"

"पेत्रही रडला होता," पाळकसाहेब म्हणाले. "मरणातून उठल्यावर येशू त्याला किनाऱ्यावर भेटला, तेव्हा आधी रागावला नाही. निखाऱ्यावर मासे भाजून त्यानं सगळ्यांना न्याहारी दिली." मग इकडंतिकडं बघून म्हणाले, "मासे नसतील. पोहे आहेत?"

आणि बाह्या सरसावून त्यांनी खरोखर पोहे केले. "साहेब, हे खायचे की हळदीला अंगाला लावायचे?" शांतवननं विचारलं. मीठ तर नव्हतंच. तरी तिघांनी ताटल्या पुसून खाल्ले. सांडलेले मी.

दुसऱ्या दिवशी अनितानं गोळ्यांचा डबा बाजूला ठेवला, बायबल मांडीवर घेतलं आणि शांतवनचा हात धरून एवढंच म्हणाली, "प्रभू, आम्हाला भीती वाटतेय." उठली तेव्हा गुणगुणत होती.

आता रविवारी चर्चची मंडळी घरीच गायला येतात. त्यांच्या प्रत्येक "आमेन"ला माझी बांग थोडी उशिरा पडते. शांतवन काठी घेऊन दारापर्यंत येतो. जीप अजून लांब आहे.

परवा पहाटे मी आरवलो, तर आतून शांतवनचा ओरडा आला, "गप रे! झोपू दे की!" पाठोपाठ चप्पल.

अनिता हातातलं पीठ तसंच ठेवून धावत आली. "झोपला होतात?" तिनं विचारलं. "खरंच झोपला होतात?" आणि पिठाचे हात जोडून तिथंच उभी राहिली.

चप्पल मला बरोबर पाठीत बसली होती. तुमच्याही घरी कोंबडा असेल, तर चप्पल मारा खुशाल. पण आधी झोपा.