मी, गावाचा धोकादायक ओटा

मित्रांनो, मी तापीकाठच्या एका गावातला दगडी ओटा आहे. वय झालंय माझं, पण मी पडका नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मला पडका म्हणणाऱ्यांनीच एके दिवशी माझ्यावर मांडव घातला. त्यांची कीव करावी की त्यांच्यावर थुंकावं, हे मला तेव्हा कळेना. थुंकणं दगडाला जमत नाही, म्हणून सगळं तुम्हाला सांगतो आहे.

सारंगखेड्याहून नदीच्या काठाकाठाने वर आलात की आमचं गाव लागतं. केळीच्या बागा संपून जिथे चौक सुरू होतो, तिथे मी. गावकऱ्यांनी बैलगाड्यांतून काळा दगड आणला आणि मला बांधलं ते नाटकासाठी. दुसरं काही कारण नव्हतं. पिकं घरात आली की माझ्यावर नाटकं व्हायची. शब्बीर रंगारी राजवाड्याचे आणि जंगलाचे पडदे रंगवायचा. त्याचा वाघ बराचसा म्हशीसारखा दिसायचा, तरी पुढे बसलेली पोरं त्याला घाबरायची.

राणीचं काम धुडकू नावाचा शेतकरी करायचा. बाईमाणसाने ओट्यावर चढायचं नाही, असा तेव्हा गावाचा नियम होता. धुडकूची बायको तापीबाई इतर बायकांबरोबर खाली बसायची. राणीच्या अंगावरचं लुगडं तिचं असायचं. धुडकू आधी टाच टेकवायचा, किंचित थांबायचा, मग बोटं टेकवायचा. तो असा चालू लागला की माझ्या दगडांनाही वाटायचं, राणीच आली.

धुडकू गेला. हळूहळू नाटकंही थांबली. माझ्यावर कापसाचे ढीग पडले, शेळ्या बांधल्या गेल्या. कापसाबद्दल आणि शेळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी कधी भाषण केलं नाही. खरा त्रास वाढदिवसांचा. गावातला कुठलाही उडाणटप्पू कडक इस्त्रीचा सदरा घालून वर चढायचा, तलवारीने केक कापायचा आणि अर्धा केक माझ्या अंगाला फासून जायचा. हेमकांत त्यांतलाच एक. केक कापता कापता तो गावाचा पुढारी झाला. त्यासाठी आमच्याकडे वेगळं काही यावं लागत नाही.

पुढारी झाल्यावर त्याने जाहीर केलं, की हा ओटा पाडून इथे सांस्कृतिक भवन बांधायचं. खाली दुकानं, वर लग्नाचा हॉल.

"यात संस्कृती कुठे रे भाऊ?" म्हाताऱ्या शब्बीरने विचारलं.

"पाटीवर आहे ना!" हेमकांत म्हणाला, आणि त्याचे चेले हसले. तो विनोद नव्हता, हे त्यांना कळलंच नाही.

मग बाहेरगावाहून एक तज्ज्ञ आणला गेला. तो गाडीतून उतरलासुद्धा नाही. काच खाली करून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काच वर केली. दुसऱ्या दिवशी माझ्या पायरीवर लाल पाटी लागली: 'ओटा धोकादायक आहे. वर चढू नये.'

तापीबाईने ती पाटी पाहिली आणि शब्बीरला सोबत घेऊन ती दारोदार फिरू लागली. "ओटा पडना ते गाव मुकं व्हई जाई," असं ती प्रत्येक घरी सांगायची. प्रत्येक घरी तिला चहा मिळायचा आणि एकच उत्तर मिळायचं. "काकू, तुन्हं म्हननं खरं शे. पन मन्हं नाव कोठे लेऊ नको." कारण मित्रांनो, हेमकांतने कोपऱ्यावरचं दुकान देण्याचं वचन त्या प्रत्येक घराला दिलं होतं. कोपरा एक आणि मालक अख्खं गाव! एवढी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात शिरत नव्हती. मी दगड आहे, पण माझं डोकं इतकं दगडी नाही. तापीबाईच्या बाजूने उघडपणे उभ्या राहिल्या त्या शाळेतल्या नूतन बाई आणि चार-दोन बायका. बाकीचे खिडकीआडून शूर.

भूमिपूजनाचा दिवस ठरला. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला आणि चौकात गुडघाभर चिखल झाला. मोठ्या पाहुण्यांचे पांढरे कपडे चिखलात कसे उभे करायचे? हेमकांतने आजूबाजूला पाहिलं. कोरडी, उंच, मजबूत जागा गावात एकच होती. मीच.

सकाळी माझ्यावर मांडव पडला, सोफा चढला. लाल पाटी उपटून सोफ्यामागे लपवली गेली. पाहुणे आले, गावोगावचे पुढारी आले, हारवाले आणि फोटोवाले आले. सगळे माझ्या छातीवर उभे राहून, मी किती कमजोर आहे यावर बोलू लागले. माझा एक चिराही हलला नाही. हेमकांत भाषणात म्हणाला, "हा ओटा म्हणजे गावाच्या जिवाला धोका आहे." टाळ्या वाजल्या. वाजवणारे माझ्यावरच उभे होते.

तेवढ्यात पायरीवर कोणाचं तरी पाऊल पडलं. आधी टाच, मग किंचित थांबून बोटं. मला क्षणभर वाटलं, धुडकू परत आला. पण ती तापीबाई होती. तेव्हा मला उमगलं, की राणीची ती चाल धुडकूची नव्हतीच. ती त्याला घरी कोणीतरी शिकवलेली होती आणि शिकवणारी इतकी वर्षं खाली बसली होती.

"हेमकांत," ती म्हणाली, "हाऊ ओटा धोकादायक शे ना रे?"

"धोकादायकच आहे, काकू. केव्हाही कोसळेल." हेमकांत माइकवरून म्हणाला. "तुम्ही खाली उतरा पाहू."

"मी एकली शे. तू सोफा लई उना, पाव्हना लई उना, बठ्ठा पुढारी लई उना. इतलासले मराले आनं का तू आठे?"

सोफा, पाहुणे, सगळे पुढारी घेऊन आलास, एवढ्यांना इथे मरायला आणलंस का, असं ती विचारत होती. आधी एक बाई हसली. मग चिखलात उभं असलेलं सगळं गाव हसलं. पाहुण्यांनी आधी हेमकांतकडे पाहिलं, मग आपल्या पायांखाली. ते सोफ्यावरून उठले आणि हेमकांतच्या चेल्यांच्या खांद्यांवर हात ठेवून, काचेवरून चालावं तसे पायऱ्या उतरले. कपडे चिखलात भरले ते भरलेच. शब्बीरने सोफ्यामागची लाल पाटी काढून त्यांच्यापुढे धरली. "साहब, ये भी ले जाओ. आप का ही सामान है."

पुढच्या ग्रामसभेत मला पाडायचं नाही, असं ठरलं. सगळ्यांनी हात वर केले. खिडकीआडचे तर दोन्ही हात वर करत होते. आणि हेमकांत? त्याने माझ्या दर्शनी भागावर संगमरवरी फरशी बसवली: 'हेमकांत यांच्या अथक प्रयत्नांतून जतन.' शेळ्यांनी माझ्यावर पुष्कळ काही केलं होतं, पण एवढी घाण कधी केली नव्हती.

असो. मित्रांनो, मी वाचलो म्हणून माझ्यासोबत फोटो काढू नका, मला हारही घालू नका. वापराविना पडून राहिलेल्या ओट्यावर लाल पाटी लावायला कुठलाही हेमकांत पुरतो. येत्या शनिवारी तापीबाईचं नाटक आहे. राणी ती स्वतः आहे. शब्बीर नवा पडदा रंगवतो आहे. या वेळी म्हणे वाघ जमलाय. पण शिपायाच्या कामाला अजून माणूस मिळालेला नाही. तुमच्यापैकी कोणी करील का? वाक्यं थोडीच आहेत, आवाज मात्र खणखणीत हवा. मोबाइल खिशात ठेवा, चपला खाली काढा आणि वर या.