ब्याऐंशीचं चाक

“साईज बराबर हाय न्हवं, मुंजाजीभाऊ? मग काहून बघून राहिले येवढं?” तांड्यावरच्या प्रेमदासने विचारलं.

वसमतच्या नाक्यावर पंक्चरचं दुकान टाकून मुंजाजीला वीस वर्षं झाली होती. साईज बरोबर होती, पण टायरच्या अंगावरचा बारीक आकडा त्याला खटकत होता. बाकीच्या तीन चाकांवर ब्याण्णव, मागच्या या एकावर ब्याऐंशी. म्हणजे हे लहान गाडीचं, ओझं कमी पेलणारं. पण फाटल्या टायरच्या जागी घालायला दुकानात दुसरं नव्हतं. निघताना सांगू, चौघंच बसा, असं मनाशी ठरवून त्याने नट आवळले.

वळून बघतो तो गाडीत आठ माणसं. प्रेमदासच्या बहिणीचा, मिनाचा, औंढ्याला साखरपुडा होता. त्याची आई मिराबाई गाडीला कुंकू लावत होती.

“हे चाक जरा...” मुंजाजी बोलू लागला.

“निघत्या पायी नाट लावू नगं रं बाबा!” मिराबाई म्हणाली. “घे, तोंड गोड कर, मंजी गोड बोलशील.” तिने गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला. गाडीतले सगळे हसले.

शुभकार्याला निघालेल्या माणसांपुढे ‘फुटेल’ हा शब्द मुंजाजीच्या तोंडून निघेना. गूळ तोंडात टाकून तो गप्प राहिला.

औंढ्याच्या वाटेवर, शिरड शहापूरच्या अलीकडे तेच चाक फुटलं. गाडी उलटली. मिराबाई जागीच गेली.

तेराव्याला मुंजाजी तांड्यावर गेला. प्रेमदास ओसरीत गुडघ्यांत मान घालून बसला होता.

“गाडी म्या जोरात हाकली, भाऊ. आई म्हणत व्हती, हळू घे. म्याच मारलं तिला.”

तेरा दिवस तो एवढंच बोलत होता. डोळ्यांतून टिपूस नाही.

चाकावरच्या आकड्याचं मुंजाजीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. हात जोडून उठता आलं असतं.

“जोरात हाकल्यानं न्हाई,” मुंजाजी म्हणाला. “चाक कमजोर व्हतं. येवढ्या माणसांचं न्हवतंच ते. मला ठाव व्हतं.”

“ठाव व्हतं?”

“व्हय. सांगाया तोंड उघडलं, अन् गप बसलो.”

प्रेमदास उठून आत गेला. थोड्या वेळाने आतून त्याचं रडणं ऐकू आलं, लेकरासारखं.

मिनाने पाण्याचा तांब्या आणून मुंजाजीपुढे ठेवला. तांब्याला हात लावायचा धीर त्याला झाला नाही. जा असं कुणी म्हटलं नाही, बसा असंही नाही. ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं, तरी तो तिथेच मान खाली घालून बसून होता.