धरणीमातेचा दोन वाजताचा खाजा

दोन वाजायला पाच मिनिटं होती आणि पायरीवर मुंगीलाही जागा नव्हती. पायरी म्हणजे नेपाळातल्या चुरे डोंगराच्या पायथ्याशी, शेतांमधून आडवा गेलेला पुरुषभर उंचीचा चढ. त्याच्या माथ्यावर कीलनाथ बाबा मांडी ठोकून बसले होते. समोर जमिनीत खोल ठोकलेला लोखंडी खुंट आणि खुंटावर काठोकाठ पाण्याने भरलेली काशाची थाळी. पाण्यावर बारीक लहरी थरथरत होत्या.

"बघा, माई कापतेय," बाबा म्हणाले. "सात पाताळांखाली कूस बदलायला निघालीय. पण हा खुंट थेट तिच्या पाठीत आहे. माझ्या परवानगीशिवाय हलून तर दाखवू दे."

बाबांनी पाय आपटला. चेल्याने गाल फुगवून शंख फुंकला, दुसऱ्याने ढोल बडवला, आणि त्या गदारोळात थाळीतलं पाणी आरशासारखं स्थिर झालं. बायकांनी पदर पसरले.

सगळ्यात पुढे मनगटावर घड्याळ आणि मांडीवर वही घेऊन लालधोज घर्ती मास्तर बसले होते. त्यांनी लिहिलं, 'दोन वाजून दोन मिनिटं. शांत.' मास्तरांनी अठ्ठावीस वर्षं गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. नऊ वर्षांपूर्वी काठमांडूहून आलेल्या भूगर्भवाल्यांनी याच पायरीत चर खणला, तेव्हा पोरांना आत उतरवून खालचा जुना थर वरच्या नव्या मातीवर कसा चढून बसलाय ते मास्तरांनीच दाखवलं होतं. डोंगर मैदानावर चढू बघतो, शेकडो वर्षं अडकून राहतो आणि मग एका झटक्यात उडी मारतो. ही पायरी म्हणजे तसल्याच एका उडीची खूण. एवढं शिकवून झालेला माणूस आता बाबाच्या थाळीची हजेरी घेत होता. याला म्हणतात विद्वत्ता.

खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तर घाबरले होते. पायाखाली काय आहे ते बाकी गावाला नुसतं ऐकून माहीत होतं, मास्तरांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. कुणीतरी 'मी बसलोय ना' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या हव्यासापायी त्यांनी एक सहीही केली होती. शाळेची दगडमातीची जुनी इमारत लगेच रिकामी करा, असं नगरपालिकेचा इंजिनिअर सांगून गेला होता. शाळा समितीचे अध्यक्ष मास्तर. त्यांनी लिहून दिलं, 'तूर्त गरज वाटत नाही.' पहिलीचा वर्ग त्याच इमारतीत, तडा गेलेल्या भिंतीला लागून भरत होता. मास्तरांची नात रमिला पहिलीत होती.

"मास्तर, तुमची वही दाखवा बरं," संध्याकाळी बायको धनसरी चणे भिजत घालताना म्हणाली. नदीच्या वळणावर, पायरीच्या अगदी मागे, बांबूच्या बेटाआड खडीचा क्रशर होता. तिथल्या मजुरांना खाजा, म्हणजे दुपारचं खाणं, तीच पोचवायची.

"तुला काय कळणार त्यातलं?"

"मला वाचता येत नाही, पण तुम्हाला येतं ना. शनिवारी काय लिहिलंय?"

"शनिवारी दर्शन नाही. माईचा विसावा."

"क्रशरलाही शनिवारी सुट्टी. गेल्या मंगळवारी?"

मास्तरांनी पान उलटलं. "माईचा उपवास. दर्शन नाही."

"मंगळवारी रस्ताबंद होता. क्रशर चालला नाही, माझे पातेलंभर चणे वाया गेले. मजूर खायला बसतात बरोबर दोन वाजता. तुमची माई गप्प बसते कधी?"

मास्तर एकेक पान मागे उलटत गेले. चार महिन्यांची पानं, सुबक अक्षर, पट्टीने आखलेले रकाने.

"उद्या मी खाजा अर्धा तास उशिरा नेते," धनसरी म्हणाली. "तुम्ही पाणी बघा."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता बाबांनी पाय आपटला. शंख झाला, ढोल झाला. पाणी थरथरतच राहिलं.

"माई रुसलीय," बाबा म्हणाले. पुन्हा पाय, पुन्हा शंख. "इथे कुणीतरी पापी बसलाय." पुन्हा शंख. अडीचपर्यंत चेल्याचा श्वास पार संपला आणि तो ओठ चोळत खाली बसला. मग शंखाशिवाय, ढोलाशिवाय, रोजच्या सवयीने कुणाच्याच कानात न शिरणारी एक घरघर सगळ्यांना ऐकू आली. ऐकू येते न येते तोच ती थांबली. पाणी स्थिर झालं. मागून धनसरी डोक्यावर रिकामी टोपली घेऊन आली.

"उशीर झाला बाई," ती म्हणाली. "चणे शिजेचनात."

मास्तर उठले. वही त्यांनी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचली. शनिवार, उपवास, दोन वाजून दोन मिनिटं. "क्रशर चालला की खुंट हादरतो आणि पाणी कापतं. खाण्यासाठी तो थांबला की पाणी थांबतं. ती शांतता कानावर येऊ नये म्हणून शंख."

"म्हणजे मास्तर," एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "चार महिने तुम्ही क्रशरची हजेरी घेत होतात?"

"हो. आणि एकही दिवस चुकवला नाही." लोक हसले. मास्तरही हसले, पण लगेच थांबले. "जमीन खरंच हलणार आहे. कधी ते मला माहीत नाही, कुणालाच नाही, आणि जो माहीत असल्याचं सांगेल त्याला आधी शनिवारचं विचारा. खुंटाने डोंगर अडत नाही. भिंतीत सिमेंटचे आडवे पट्टे घालता येतात, पडकं घर सोडता येतं. तेवढं आपल्या हातात आहे, आणि तेच मी करू दिलं नाही."

बाबा थाळी झोळीत भरत होते. त्यांना अडवायला मास्तर थांबले नाहीत. ते तडक शाळेत गेले, पहिलीच्या वर्गात शिरले आणि पोरांना ओळीने मैदानात काढून बाकं एकेक करून ओढू लागले. मागोमाग गावकरी आले.

रमिला दप्तर पोटाशी धरून उभी होती. "आजोबा, भूकंप आला का?"

"नाही आला, बाळ," मास्तर बाक उचलत म्हणाले. "म्हणूनच आज बाहेर काढतोय."