ताईंच्या खणातलं कार्ड

मित्रांनो, सध्या मी वॅक्स खरवडतो. पार्लरच्या काउंटरवर वॅक्स सांडून वाळलं, की मला उचलायचं, माझी कड त्याखाली घालायची आणि ढकलायचं. माझा एक कोपरा झिजून गोल झाला आहे. माझ्यावरचं नाव आता बोटाला लागतं, डोळ्यांना दिसत नाही. मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे, आणि खोटं कशाला सांगू, एके काळी साऱ्या गल्लीत माझा मान होता.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकचे पातळ थर तापवून, दाबून एकजीव केले आणि मग आम्हा भावंडांना कापून वेगळं केलं. माझ्या अंगात एक सोनेरी चिप बसवली आणि वर ताईंचं नाव उमटवलं. ज्याचं नाव अंगावर, त्याची अब्रू आपल्या हातात, असं आम्ही मानतो.

ताई म्हणजे या पार्लरच्या मालकीणबाई. लहानथोर सगळे त्यांना ताईच म्हणतात. त्यांची आई लवकर गेली आणि धाकटी बहीण त्यांच्या पदरी आली. शाळेत जाण्याआधी रोज सकाळी ताई तिची वेणी घालायच्या. धाकटी चुळबुळ करायची, ताई तिच्या डोक्यात टपली मारायच्या. तिथेच त्यांचा केसांवर हात बसला आणि पुढे हे पार्लर उभं राहिलं. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. धाकटीचं मात्र थाटात करून दिलं, आणि ती दूरच्या शहरात गेली. रस्त्याने जायचं तर दोन दिवस मोडतात.

माझी पहिली वर्षं सुखाची गेली. शाम्पूचे डबे, टॉवेल, कधीतरी ड्रायरची दुरुस्ती, एवढ्यापुरताच मी खणातून बाहेर यायचो. बिल आलं की ताई लगेच भरून मोकळ्या व्हायच्या. दुसऱ्याचे पैसे उशाला घेऊन मला झोप लागत नाही, असं त्या म्हणायच्या.

मग एकदा शेजारच्या शिंपीणबाईंचं शिलाई मशीन मोडलं. नवं घ्यायला हातात एकरकमी पैसे नव्हते. ताईंनी मला पुढे केलं. शिंपीणबाईंनी तीन महिन्यांत पैसे आणून दिले, वर ताईंना ब्लाउजही शिवून दिला. ही गोष्ट गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागणार? वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा फ्रीज, कोपऱ्यावरच्या चहावाल्याची शेगडी, कोणाच्या मुलीची फी. "ताई, तुमचं कार्ड जरा मिळेल का?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की दार वाजलं की मला आधीच कळायचं. माणसं बुडवणारी नव्हती हो. पैसे यायचे, पण येता येता यायचे. शिंपीणबाईंनी दुकान वाढवायला दुसरीकडून कर्ज काढलं, त्यालाही ताईच जामीन राहिल्या. अंथरूण एकीचं आणि पाय साऱ्या गल्लीचे, असा तो कारभार होता. धाकटी फोनवर बजावायची, ताई, भीड ही भिकेची बहीण असते. ताई हसून विषय बदलायच्या.

मला सगळं दिसत होतं. पण मित्रांनो, मला तोंड नाही. मशीनमध्ये शिरलो की मी फक्त रक्कम सांगायचो. फ्रीज मास्तरांचा आहे आणि शेगडी चहावाल्याची, हे सांगायची सोय माझ्या अंगात कोणी केलीच नव्हती.

बँक उगाच कोणाच्या घरात डोकावत नाही, पण माणसाची चाल बदलली की डोकावते. तिला काय दिसलं, तुम्हीच बघा. वर्षानुवर्षं जपून खर्च करणारी बाई अचानक दर महिन्याला मर्यादेच्या टोकाला जाते. पूर्ण बिल भरणारी बाई आता कमीत कमी तेवढंच भरते. जिथे ती जामीन आहे, तिथला हप्ता उशिरा जातो. आणि एवढं सगळं असताना ती मर्यादा वाढवून मागते. ती वाढ मागितली होती मास्तरांच्या धुलाई मशीनसाठी, पण ते बँकेला कुठून कळणार? तिला वाटलं, ही बाई नाकापर्यंत पाण्यात आहे. आता हिचं उत्पन्न, हिची देणी, सगळं नीट तपासलं पाहिजे.

म्हणून बँकेने फोन केले. ताई गिऱ्हाइकाच्या केसांत हात घालून उभ्या असायच्या. बँकेतून बोलतेय एवढं ऐकलं, की "नको बाई, मला काही घ्यायचं नाही," म्हणून फोन बंद. एक तर बँकवाले काहीतरी विकायला बसलेले, नाहीतर कोणीतरी भामटा, अशी त्यांची समजूत होती. गल्लीत सगळ्यांचीच होती. बँकेचे मेसेजही त्यांनी न वाचताच पुसून टाकले.

धाकटी आजारी होती, हे ताईंना ठाऊक होतं. उन्हाळ्यात गर्दी कमी झाली की जाऊन राहायचं, असं ठरलंही होतं. पण एका दुपारी तिच्या नवऱ्याचा फोन आला.

"ताई, आजच निघा. ती सारखं एकच म्हणतेय, ताईला सांगा, माझी वेणी घालायला ये."

ताईंनी अर्धे कापलेले केस तसेच टाकले. गिऱ्हाईक बाई शहाणी होती, अंगावरचं कापड तिने स्वतःच सोडलं. मला पर्समध्ये टाकून ताई चौकातल्या तिकीटवाल्याकडे धावल्या. संध्याकाळचं विमान होतं, एक जागाही होती. ऐनवेळचं तिकीट म्हणजे दर चांगलाच चढलेला. तिकीटवाल्याने मला मशीनमध्ये घातलं. मशीन किंचाळलं. त्याने मला शर्टाला पुसून पुन्हा घातलं, पण व्हायचं तेच झालं. घेत नाही हो ताई, म्हणाला. त्याला बिचाऱ्यालाही वाईट वाटलं.

दुकानाच्या पायरीवर उभं राहून ताईंनी माझ्या पाठीवरचा नंबर लावला. पलीकडे एक मुलगी होती, आवाजाने मऊ. तिने सगळं समजावून सांगितलं. उत्पन्नाची कागदपत्रं पाहीपर्यंत कार्ड थांबवलं आहे, आणि ते आज सुरू करणं तिच्या हातात नाही.

"आम्ही कितीदा फोन केले, मॅडम. एवढंच विचारायचं होतं, की तुमचं सगळं ठीक आहे ना."

ठीकच होतं हो, एवढंच ताई म्हणाल्या.

गल्लीला कळलं तसे सगळे धावले. शिंपीणबाईंनी गल्ला उपडा केला, मास्तरांनी शेजाऱ्यांकडून उसने आणले. पैसे जमले, पण तोवर संध्याकाळचं विमान गेलं होतं. ताई दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने निघाल्या.

त्या पोचल्या तेव्हा धाकटी पहाटेच गेली होती. खोलीत बायका बसल्या होत्या. ताई सरळ आत गेल्या. उशाशी बसून त्यांनी पर्स उघडली आणि माझ्या शेजारचा कंगवा काढला. धाकटीचे केस आजारात विरळ झाले होते. ताईंनी एकेक गुंता बोटांनी सोडवला, तिला दुखेल की काय अशा बेताने, आणि वेणी घातली. अगदी शाळेत पाठवताना घालायच्या तशी घट्ट.

परत आल्यावर ताईंनी बँकेला कागदपत्रं दिली, आणि बँकेने नवं कार्ड पाठवलं. ते पर्समध्ये असतं आणि कोणाला मिळत नाही. मागणारेही आता मागत नाहीत. मला कापायला ताईंनी कात्री हातात घेतली होती, पण का कोण जाणे, तशीच ठेवून दिली.

मित्रांनो, माझ्यावर नाव एकाचंच असतं. मदत जरूर करा, पण आपलं नाव दुसऱ्याच्या हाती देऊन करू नका. अनोळखी फोनवर गुपितं सांगू नका, हेही खरंच. पण बँक आपल्याला का शोधते आहे, हे माझ्या पाठीवरच्या नंबरवर आपण होऊन विचारता येतं. माझ्या ताईंनी ते बँकेच्या पहिल्या फोननंतरच विचारलं असतं, तर बरं झालं असतं.

अजूनही कधी कोणी शाळेची पोर वेणी घालायला येते आणि खुर्चीत चुळबुळ करते. ताई टपली मारायला हात उचलतात आणि तो तसाच खाली घेतात. पोर घरी गेली, की त्या मला खणातून काढतात आणि काउंटर खरवडत बसतात. काउंटर स्वच्छच असतं.