खिळे ठोकलेलं दार

"मग मारलंस कसं, ते दाखव," तपासनीस म्हणाले.

धाकट्या सुताराने थोरल्या भावाच्या बाकड्यावरचा लोखंडी रंधा उचलला. ज्याने खून झाला तो ठाण्यात सीलबंद होता. हा त्याच्याच जोडीचा.

"दादा पाठमोरा होता. त्या दाराला शेवटचा खिळा ठोकत होता. मी रस्त्याच्या बाजूने आत आलो, मागून घातला डोक्यात. झालं."

"आणि मग?"

"मग काय? रंधा ठेवला, निघून गेलो."

"ठेव बघू."

त्याने रंधा ठेवला. कुशीवर, आडवा. तपासनीस बराच वेळ नुसते बघत राहिले. ठाण्यात त्यांना सगळे 'सावकाशसाहेब' म्हणत. निवृत्तीला तीन महिने उरले होते आणि हे प्रकरण तर आयतं ताटात वाढून आलेलं: भाऊबंदकी, खून, कबुलीजबाब, खाली सही.

बाप गेल्यावर कारखान्यावरून दोघे भाऊ हमरीतुमरीवर आले आणि मधोमध फळ्यांची भिंत उभी राहिली. त्याला अकरा वर्षं झाली. भिंतीत एकच दार ठेवलं होतं, मधल्या बहिणीसाठी, ताईसाठी. ताईने लग्न केलं नाही. दोन्हीकडचा स्वयंपाक तिच्याकडे, आणि दोन्हीकडचे निरोपही. थोरला म्हणायचा, "सांग त्याला, करवत परत दे म्हणावं." पलीकडे धाकट्याला शब्द न् शब्द ऐकू यायचा, पण ताई दारातून येऊन सांगेपर्यंत तो बहिऱ्यासारखा बसून राहायचा. भांडण दोघांचं, पायपीट हिची. खुनाच्या दिवशी सकाळी थोरल्याने तेही दार बंद करायला घेतलं. "आता एकीकडचीच हो," असं तिला सुनावलं, हे शेजाऱ्यांनी ऐकलं होतं.

तपासनीसांनी खिशातून खुनाच्या दिवशी इथे घेतलेला फोटो काढला. फोटोत रंधा बाकड्यावर सरळ बसवलेला होता, पातं खाली, आणि लख्ख पुसलेला.

"माझे वडील सुतारच होते," ते म्हणाले. "रंधा असा पात्यावर टेकवला की माझ्या पाठीत धपाटा बसायचा. धार जाते."

धाकट्याचा चेहरा उतरला. "घाईत ठेवला असेल, साहेब."

"घाईत तर तू मुळीच चुकणार नाहीस. आत्ता तरी कुठे विचार करून ठेवलास? हा सुताराने ठेवलेला नाही. घर आवरणाऱ्या माणसाने पुसून जागेवर ठेवलाय."

धाकटा बाकड्यालाच टेकला. "साहेब, मी सही केलीय. तुमचं काय जातंय?"

खरंच काही जात नव्हतं. फोटो पाकिटात घालायचा आणि घरी जायचं.

"तिने जन्मभर आमचंच केलं हो," धाकटा रडायला लागला. "एवढं एक मला तिच्यासाठी करू द्या."

तपासनीसांना भरून आलं. या माणसाच्या पाठीवर हात ठेवावा असं फार वाटलं. पण दुसरंही एक मनात आलं, आणि ते काही केल्या हटेना.

"तिला विचारलंस?"

धाकट्याने बाहीने डोळे पुसले.

"आजवर कधी विचारलंत तुम्ही दोघांनी?"

त्याने आत स्वयंपाकघराकडे पाहिलं.

मागच्या स्वयंपाकघरात ताई घासलेली भांडी पुसत होती. केस पिकलेले, हात पाण्याने सुरकुतलेले. तपासनीस स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. कागद घेऊन हवालदार दाराशी उभा राहिला.

"ताई, रंधा तुम्ही पुसलात ना?"

तिने हातातलं पातेलं पालथं घातलं. "रक्त होतं त्याच्यावर," ती म्हणाली. "तसाच कसा ठेवणार?"

हवालदाराने मान वर केली. त्याला खूण करून तपासनीस हळूच म्हणाले, "काय झालं ते सांगा."

"कुणाचं सांगू?" तिने विचारलं. "दादाचं, की धाकट्याचं?"

"तुमचं."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग फडकं घडी करून मांडीवर ठेवलं, जरा सरसावून बसली.

"मी," ती म्हणाली, आणि तिथेच थांबली.

हवालदाराने तेवढा एक शब्द लिहून घेतला. पुढचा शब्द कितीतरी वेळ आला नाही, आणि तपासनीसांनीही घाई केली नाही.