पोपटी रेशमाचा वास

विमलाताई माळकरी. त्यांच्या घरात मासा शिजणं सोडा, त्याचं नावही कुणी काढत नाही. अशा बाईने लेकीच्या लग्नाच्या पोलक्याचं पोपटी रेशीम माझ्याकडे, भाट्ये गावच्या मासेमार खारव्याच्या सुनेकडे दिलं! चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. माझं पहिलंच गिऱ्हाईक, आणि सासूबाईंनी बजावलेलं, "शकू, ह्या जमला नाय तर मशीन झाकून ठेव, नि माशांची पाटी घेऊन माझ्यासंगती बाजारात चल."

रेशीम कापण्याआधी धुवावं, नाहीतर शिवलेलं पोलकं पहिल्याच पाण्यात आटतं. शिवणवर्गात शिकवलेलं सगळं मी केलं. कोपरा भिजवून रंग जातो का पाहिलं, गार पाण्यात रिठ्याचा फेस केला, चोळलं नाही, पिळलं नाही, पंच्यात गुंडाळून नुसतं दाबलं. मग सावलीला म्हणून पडवीतल्या दोरीवर टाकलं.

तासाभराने दोरीखाली तीन मांजरं माना वर करून बसलेली. चौथं आलं तेव्हा मला आठवलं. कालपर्यंत त्या दोरीवर बोंबील होते!

मी हुंगलं. काही नाही. सासूबाईंनी हुंगलं. "कसला वास? काय नाय." पण आमच्या नाकांचा काय भरवसा, सगळा जन्म बोंबलात गेलेला! परकं नाक हवं होतं. गावातल्या नारळ संशोधन केंद्राच्या रखवालदाराची बायको कमळा महिन्यापूर्वीच साताऱ्याहून आलेली. आम्ही दोघी तिच्याकडे धावलो. तिने लांबूनच पदर नाकाला लावला.

"आगं बया, बोंबील की ह्यो!"

तिच्याच दारात पुन्हा रिठे, पुन्हा गार पाणी. मी दोरी मागितली, तर सासूबाई कडाडल्या, "दोरी नको! हातात धरू." त्यांनी कोपरापर्यंत हात रिठ्याने धुतले आणि कमळापुढे धरले. तीनदा नापास झाल्या, चौथ्यांदा पास. मग माडांच्या सावलीत रेशमाची दोन टोकं धरून आम्ही उभ्या राहिलो. वारा ओढेल तिकडे आम्ही, आमच्या मागे मांजरं, आणि त्यांच्या मागे हसून हसून पोट धरलेली कमळा. सासूबाईही खिदळत होत्या. मी त्यांना तसं कधी पाहिलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी विमलाताईंनी पोलकं थेट नाकाशी नेलं.

"छान धुतलंत हो," म्हणाल्या, आणि पिशवीतून आणखी चार खण काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराला निघालेल्या बायकांनी अंगणातून हाक दिली, "शकू, येतंस काय गो?"

सासूबाईंनी आपली पाटी उचलली आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "ती नाय येणार गो! तिला शिवायचा हाय!"