एकाच बोल्टावरच्या दोन फळ्या

"सुगंधाचं घर नाही बाई, पितळेचं दुकान आहे!" शेजारची शकू माझ्या नातीच्या बारशाला चारचौघींत बोलली. त्या दिवसापासून तिचं नाव मी तोंडात घेतलं नाही.

दुकान म्हणे! घाटकोपरच्या चाळीतली खोली, सामान वरच चढणार ना? दिवाणावर भिंतभर फळी आहे म्हणून तर आम्ही चौघं खाली पाय पसरतो. फळीवर सासूचा हंडा, कळशी, पितळेचे डबे. चिंचेने असे घासते की त्यात तोंड बघावं. कडेला सुनेचा मनीप्लांट आणि दिव्यांची माळ. "आई, त्याने लूक येतो," म्हणते ऋतिका. येऊ दे बापडा.

फळी माझ्या मालकांनी आणि शकूच्या नवऱ्याने, धोंडिरामने, मिळून ठोकली होती. मधली भिंत पातळ, खिळा धरेना. मग आरपार भोकं पाडली आणि त्याच लांब बोल्टांवर इकडे आमची फळी, पलीकडे त्यांची. बोल्टाचं डोकं आमच्याकडे, नट त्यांच्याकडे. तेव्हा दोन्ही घरांत एकाच टोपातला रस्सा जायचा. आता ते दोघेही गेले, आणि बोल्टांची आठवण कोण ठेवतं?

परवा दुपारी मुलगा-सून कामावर होती. नात दिशा दिवाणावर झोपलेली. दाराला कडी घालून मी तांदूळ निवडत बसले होते. भिंतीत करकर वाजलं. उंदीर असेल मेला, म्हटलं. तेवढ्यात पोरीच्या गालावर चुना पडला.

वर बघितलं तर फळी भिंतीपासून सुटलेली. हंडा पुढे सरकत होता.

दिवाणावर कशी चढले, देवाला ठाऊक. दोन्ही हात फळीखाली, पोर माझ्या पायांच्या मध्ये. पायाने तिला बाजूला ढकलायला गेले तर फळी आणखी झुकली. पाय तिथेच थिजला. हात काढला की हंडा सरळ तिच्या डोक्यावर.

"कोण आहे तिकडे? थांबा!"

"माझी फळी आहे, काढीन नाहीतर जाळीन!" पलीकडून शकू. "भिंत रंगवायचीय मला. तू ओरड, घसा बसेपर्यंत!"

पाना पुन्हा फिरला. बोल्टाचं डोकं माझ्या डोळ्यांसमोर बाहेर आलं. शिव्या मला कधी शोधाव्या लागत नाहीत, पण त्या घटकेला एकही सापडेना.

"शकू," मी म्हटलं. "शकू गं, फळीखाली दिशा झोपलीय. दोन्ही फळ्या एकाच बोल्टावर आहेत. माझे हात सुटतायत."

करकर थांबली.

"उचल ना तिला!"

"हात कुठला काढू?"

"मी येते."

"आतून कडी आहे गं!"

पलीकडे काहीतरी आपटलं. मग तिचा आवाज भिंतीला अगदी चिकटून आला. "नट परत लावते. बोल्ट आत दाब, धरतच नाहीय."

हात मोकळे नव्हते. मी कपाळ टेकवलं. गंजलेलं लोखंड कातडीत रुतलं. दंड लटलटत होते, वर डबे एकमेकांवर वाजत होते. खाली पोरीने कूस बदलली आणि माझ्या पायाला मिठी मारली. उठून बसली तर? देवा, झोपव तिला.

"दाब अजून!"

"दाबतेय! तू फिरव!"

"फिरवतेय, बोलू नको!"

कपाळाखालचा बोल्ट हळूहळू आत गेला. मग फळी भिंतीला टेकली. तरी हात काढायची माझी छाती होईना.

"सोड सुगंधा. धरलंय."

सोडलं. आधी पोर उचलली, मग कडी काढली. दारात शकू, हातात पाना, तोंड पांढरंफटक. माझ्या कपाळावरचं रक्त तिने पदराने पुसलं. मग न विचारता दिवाणावर चढली आणि हंडा उतरवून माझ्या पायाशी ठेवला.

"दुकान आहे गं खरंच," ती म्हणाली.

"गिऱ्हाईक तूच पहिली. डबे कोण उतरवणार?"

फळी रिकामी झाली तेव्हा तिने विचारलं, "आता काढू माझी?"

दिशाला मी घट्ट धरलं होतं. पोर अजून झोपलेलीच.

"काढ. पण आधी हाक मार."

ती गेली. मी पोरीला घेऊन पार दारात जाऊन उभी राहिले.

"सुगंधा, काढतेय गं!"

"काढ!"

ओरडले खरी, पण फळी खाली येईपर्यंत डोळे उघडले नाहीत.